यानाले नाव तुम्ही ठेवा, नावं आम्ही ठेवतो

तर बावा, तुमची कथा जवळपास लिहून झाली. कॅप्टन झाला, त्याची दाढी झाली, अँटिमॅटरचं इंजिन झालं, परग्रहावरची निळी हिरोईन पण झाली, फक्त यानाचं नाव राहिलंय आणि तिथंच तुमची गाडी फसलीय चिखलात. टेन्शन घेऊ नका. मी बुलढाणा जिल्ह्यातला माणूस, आमच्या गावाहून लोणार मोटरसायकलनं पाऊण तास, म्हणजे अंतराळाशी आमची ओळख तुमच्यापेक्षा जुनी, आणि शिवाय आमच्या घरच्या ट्रॉलीवर नाव टाकलं तेव्हा मी स्वतः तिथं उभा होतो. एवढा अनुभव बास झाला.

सगळ्यात पहिले म्हणजे नाव संस्कृतातून उचला. साधं मराठी नाव चुकूनही नको, वाचकाला वाटंल यान तालुक्याच्या डेपोतून सुटून राहिलं. अग्नी, वज्र, गरुड, काल, महा, यातले कोणतेही दोन-तीन घ्या अन् एकाला एक चिकटवा, अर्थ लागलाच पाहिजे असं काही नाही, उलट जोडाक्षरं जेवढी जास्त तेवढं यान फास्ट. ‘महाकालवज्र’ म्हटलं की ते प्रकाशाच्या वेगानं जाणारच, इंजिन कसं चालते हे विचारायची हिंमत कोणाची आहे. मग त्याच्यापुढं एक आकडा. आकड्याबिगर यान म्हणजे नंबरप्लेटबिगर बुलेट. एक-दोन नको, गरिबी दिसते, सात नाहीतर नऊ ठेवा. ‘महाकालवज्र-९’. पहिले आठ कुठं गेले, फुटले का विकले का बँकवाल्यानं ओढून नेले, असं विचारणारा वाचक तुमचा नाहीच, त्याला सोडून द्या.

तरी नाव सुचत नसंल तर मृग लागायच्या आठ दिवस आधी कोणत्याही कृषी केंद्रात जाऊन उभे राहा. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं पाहा, फवारणीच्या बाटल्या पाहा. जगातल्या सगळ्या विज्ञानकथा लेखकांनी मिळून एवढी यानं उडवली नसतील जेवढी त्या रॅकवर मांडून असतात, सगळी नावं योद्ध्यांची, विजांची, वाघ-सिंहांची, पुढं तीन-तीन आकडी नंबर, आणि पाकिटावर पांढऱ्याशुभ्र कापसात उभा असलेला एक हसरा शेतकरी, जो आम्हाला आजवर प्रत्यक्षात कुठं भेटला नाही. मागच्या साली आमच्या मोठ्या बाबांनी त्यातली दोन पाकिटं आणली, नाव असं की ऐकूनच बोंडअळीनं गाव सोडावं. अळीला वाचता येत नव्हतं.

नावाच्या बाबतीत आपल्याकडं उलटा कारभार एकाच माणसानं केला. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली तेव्हा स्वतःचं नाव लपवलं, ज. वि. ना. उलटं केलं तर ना. वि. ज. झालं, त्याचं केलं नारायण विनायक जगताप, आणि पहिलं बक्षीस घेऊन गेले. एवढा मोठा शास्त्रज्ञ अन् नाव पाहा, सातबारा काढायच्या लायनीत आपल्यापुढं उभं असावं असं. तुम्ही असलं काही करू नका बरं. साध्या नावावर बक्षीस मिळालं तर लोक म्हणतील कथाच चांगली होती.

संस्कृत ज्यांना झेपत नाही त्यांनी इंग्रजी आद्याक्षरं वापरावी. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या एंटरप्राइज यानावर एनसीसी-१७०१ लिहिलेलं असते. आमच्याकडं एनसीसी म्हटलं की खाकी ड्रेस, रविवारची परेड आणि परेडीनंतरचा नाश्ता, त्यामुळं मी कितीतरी वर्षं समजत होतो की हे लोक कॉलेजातर्फे गेलेत. पण या यानाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९७६ मध्ये नासाचं पहिलं स्पेस शटल तयार झालं, नाव ठरलं होतं कॉन्स्टिट्यूशन, तर या मालिकेच्या चाहत्यांनी व्हाइट हाउसवर पत्रांचा पाऊस पाडला आणि नाव बदलून एंटरप्राइज करून घेतलं, समारंभ झाला, मालिकेतले कलाकार येऊन उभे राहिले. आणि ते यान अंतराळात कधी गेलंच नाही. त्यात चालणारं इंजिनच नव्हतं, विमानाच्या पाठीवर बसवून वर न्यायचं, सोडायचं आणि तरंगत खाली उतरते का ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. अमेरिकेतल्या लोकांना याचं काय वाटलं असंल ते असो, आम्हाला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडं कालव्याचं असंच असते, नामकरण होते, नाव बदला म्हणून मोर्चा निघते, परत नामकरण होते, पाणी तेवढं यायचं राहते.

एक खबरदारी घ्या, खऱ्या अंतराळवीरांच्या नादी लागू नका. लय हलकी माणसं. १९६९ मध्ये अपोलो-९ चं यान निळ्या वेष्टनात गुंडाळून आलं, चघळायच्या गोळीसारखं दिसलं, म्हणून नाव ठेवलं गमड्रॉप, आणि चंद्रावर उतरायच्या गाडीचे पाय पाहून तिला स्पायडर. अपोलो-१० वाल्यांनी त्याहून कहर केला, चार्ली ब्राउन आणि स्नूपी, कार्टूनमधलं पोट्टं आणि त्याचं कुत्रं. ते कुत्रं चंद्राच्या जवळपास १५ किलोमीटरवर जाऊन आलं. साहेबलोकांची मान खाली गेली, त्यांनी अपोलो-११ वाल्यांना सांगितलं की जरा इज्जतीचं काही ठेवा, तेव्हा कुठं कोलंबिया आणि ईगल आले.

आणि हा नासाचा अंतराळवीर गस ग्रिसम तर आमच्याच गावचा असायला पाहिजे होता. १९६१ मध्ये त्याचं यान समुद्रात उतरलं, दरवाजा आपोआप उडाला, पाणी शिरलं, यान बुडालं, गडी कसाबसा वाचला. १९६५ मध्ये पुढच्या खेपेला त्यानं यानाचं नाव ठेवलं मॉली ब्राउन, म्हणजे टायटॅनिक बुडालं तरी न बुडालेली बाई. साहेब भडकले, म्हणे दुसरं नाव सांग. यानं सांगितलं, टायटॅनिक. मग मॉली ब्राउनच राहिलं.

आता आमच्या ट्रॉलीचं ऐका. मोठ्या बाबांनी जुनी ट्रॉली घेतली, बसस्टँडजवळचा पेंटर बोलावला, मागच्या फाळक्यावर ‘गजानन माउली प्रसन्न’ लिहायचं ठरलं. पेंटर कलाकार माणूस, त्यानं मोजमाप काही केलं नाही, ढब्बू-ढब्बू लाल अक्षरं काढली, त्याला पिवळी सावली दिली, ‘गजानन माउली प्र’ इथंच फाळका संपला. मग त्यानं चहा घेतला, विचार केला, आणि उरलेलं ‘सन्न’ खाली लाल दिव्याच्या बाजूला बसवलं. त्या दिवसापासून गावात ट्रॉलीचं नाव सन्न. सन्न आली का जिनिंगवरून, सन्न घेऊन कुठी चालले मोठे बाबा. आठवड्याच्या आत कापूस भरलेली ट्रॉली नाल्यात पलटी झाली, मोठे बाबा डोक्यावरचा कापूस झटकत वर आले, बाकी कोणाला काही लागलं नाही. मी म्हटलं आता तरी नाव नीट लिहून घेऊ. तर म्हणे, “कायले? बरोबरच तं हाय. म्या बी सन्नच झालो ना!”

असं नाव कथेत अजिबात वापरू नका, वाचकाच्या लक्षात राहून जाईल.

लांबलचक नावांची हौस असंल तर एक स्कॉटिश लेखक होता, इयन बँक्स, त्याची यानं स्वतःच स्वतःला अख्खी वाक्यं नाव म्हणून ठेवायची. त्यातली दोन इलॉन मस्कनं रॉकेट उतरवायच्या समुद्रातल्या तराफ्यांना दिली, ‘ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू’ आणि ‘जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स’. लोक म्हणाले काय प्रतिभा. आमच्या ट्रकांच्या मागं ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’ किती वर्षांपासून फिरून राहिलं, त्याला कोणी प्रतिभा म्हटलं नाही. आणि इस्रोनं २०१३ मध्ये मंगळाकडं जे यान पाठवलं त्याचं इंग्रजी नाव मार्स ऑर्बिटर मिशन, आद्याक्षरं जोडली की मॉम. म्हणजे शेवटी ‘आईचा आशीर्वाद’च मंगळावर गेला, आमच्या काळीपिवळीवर असते तोच.

आता लोणारचं. आकाशातून आलेला एक पाहुणा आमच्या भागात खरोखर उतरला, असा उतरला की काळ्या बेसॉल्टमध्ये पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा पडला. त्या अशनीला वर कोणी नाव ठेवलं होतं का, कितवा नंबर होता, काही पत्ता नाही. खालच्या लोकांनी खारट पाणी पाहिलं आणि लवणासुर राक्षसाची गोष्ट लावली, त्याला विष्णूनं मारला म्हणून तिथं दैत्यसूदनाचं देऊळ पण आहे. तुमचं महाकालवज्र-९ उद्या आमच्या तुरीत पडलं तर त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचत बसायला कोणी येणार नाही, पहिला जो बकऱ्यावाला पोहोचंल तो म्हणंल, पाटलाच्या वावरात टोपलं पडलं. तेच नाव पंचनाम्यात जाईल.

राहता राहिला गेमचा विषय, तर त्याचा अनुभव ताजा आहे. मोठ्या बाबांचा नातू मोबाईलवर यानं उडवायचा कसलातरी गेम खेळते. परवा लाइट गेली होती, अंगणात खाटेवर बसून त्यानं आजोबाले विचारलं, यानाले काय नाव देऊ. मोठे बाबा लगेच म्हणाले, माहं दे. त्यानं मराठीत टाईप केलं तर स्क्रीनवर नुसते रिकामे चौकोन आले, पाच-सहा, वावराच्या बांधासारखे एकाला एक लागून. मग इंग्रजी अक्षरांत ‘मोठेबाबा’ टाकलं. गेम म्हणे हे नाव आधीच कोणीतरी घेतलंय. पोट्टं आकडे लावत गेलं, एक, दोन, तीन, शेवटी ‘मोठेबाबा९’ वर हिरवी टिक आली.

मोठ्या बाबांनी चष्मा लावला, मोबाईल दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला, अन् म्हणाले, “मंग पह्यले आठ कुठी गेले रे?”