ताडोबात शांत जागा हवी? आधी वाघ कुठे बसलाय ते विचारा

ताडोबाला निघालात आणि गर्दी नसलेली, कुणाला फारशी माहीत नसलेली जागा हवी आहे? छान. अशी जागा सफारीच्या फेरीतल्या प्रत्येक जिप्सीला हवी असते. फक्त तिथे वाघ असावा, एवढीच माफक अट.

तर पहाटे मोहर्ली गेटच्या रांगेत गाइडच्या कानाशी लागून सांगा, "भाऊ, आपल्याला जरा वेगळ्या रस्त्यानं न्या." तो म्हणेल, "नेतो ना जी." मागच्या जिप्सीतल्या काकांनाही त्यांच्या गाइडने हेच सांगितलेलं असतं. गेट उघडलं की सगळे वेगळे रस्ते एकामागोमाग एकाच रस्त्याने सुटतात.

आपली आपण जागा शोधू, असा विचार असेल तर तो गेटवर मोबाइलसोबत जमा करा. गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास असलं, तरी गाडीखाली उतरायचं नाही आणि रस्ता सोडायचा नाही. तुमच्या वाट्याला येतं ते दोन चाकोऱ्यांपुरतं. सगळ्यांत शांत दिवस म्हणाल तर मंगळवार. त्या दिवशी जंगल बंद असतं.

तलावाकडे जाताना कडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब दिसतील. त्यांतून दोर ओवून घंटेने निरोप पोचवत, असं सांगतात. आता दोर लागत नाही. समोरून येणारा ड्रायव्हर नुसता वेग कमी करतो, दोन बोटं मागे दाखवतो, आणि पाच मिनिटांत पाणवठ्यावर वीस जिप्स्या. मागे घ्या, पुढे घ्या, लेन्स आडवी येतेय, अहो टोपी काढा! वाघीण जांभई देऊन बांबूत शिरते. शांत जागा नेमकी कुठे आहे, ते तिला माहीत असतं.

हीच तुमची संधी. दोन बोटं जिकडे दाखवतील त्याच्या उलट दिशेला गाडी वळवायला सांगा. गाइड तुमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघेल. बघू द्या. एखाद्या मोहाच्या झाडाजवळ इंजिन बंद करायला लावा. एप्रिल असेल तर पिवळट, रसाळ फुलं टप टप पडत असतात आणि चितळं मान खाली घालून ती वेचत असतात. शेजारी ऐनाचं खोड उभं असतं, मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं. लांब कुठेतरी सांबर एकदाच ओरडतं आणि सगळ्या चितळांच्या माना एकदम वर होतात.

बरोबर याच क्षणी तुमच्याच जिप्सीतून आवाज येईल, "इथे काहीच नाहीये, चला ना पुढे." (हा माणूस बहुधा तुमचा सख्खा मेहुणा असतो. पैसे त्यानेच भरलेले असतात.)

एक खबरदारी मात्र घ्या. संध्याकाळी रिसॉर्टवर जेवणाच्या रांगेत सगळे विचारतील, "काय दिसलं?" तिथे मोहाचं नाव काढायचं नाही. चेहरा पाडायचा, ताटात भात वाढून घ्यायचा आणि म्हणायचं, "काहीच नाही हो. फुकट गेली फेरी." कुणीतरी पाठीवर हात ठेवून सांत्वन करेल. करू द्या. उद्या सकाळी तो त्या रस्त्याला फिरकणार नाही.