समुद्र नसलेलं केरी

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मामाच्या वाट्याला काय येतं ते मला ठाऊक होतं. मुहूर्ताला तिला बोहल्यापाशी आणायचं, अंतरपाट धरला की मागे उभं राहायचं, आणि पंगतीत वाढप्यांवर नजर ठेवायची. या सगळ्यात उभं राहून राहून कंबर धरू नये, एवढीच काय ती काळजी. पण भाची पुण्याची, मुलगा नागपूरचा, दोघांच्या नोकऱ्या बंगळुरात आणि लग्न गोव्यात. तेही समुद्रावर नाही. "बीचवर सगळेच करतात रे मामा, आम्हाला डोंगर हवाय." डोंगर म्हणजे चोर्ला घाट. आणि चोर्ला घाटाला सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे साखळी गावातला मी, त्यात पोस्टातून निवृत्त झालेला.

"मामा, पाहुण्यांसाठी एक माहितीपत्रक कर ना. कसं यायचं, कुठे राहायचं. तुझा जन्म पत्त्यांत गेलाय."

इथे मी फुशारलो. माणसाने कधी फुशारू नये असं नाही, पण लग्नघरात फुशारू नये.

पत्रक एका पानाचं व्हायचं होतं, ते सहा पानांचं झालं. बायकोने चष्मा लावून पहिली दोन पानं वाचली आणि म्हणाली, "हे कोणी वाचणार नाही." मला राग आला. चौतीस वर्षं नोकरी केली, पत्ता अर्धवट असला की पत्राचे काय हाल होतात ते मी पाहिलंय. पाहुणे तर पत्रापेक्षा जड.

सुरुवात विमानापासून केली. गोव्याला विमानतळ दोन. दाबोळीचा जुना, वास्कोच्या बाजूला, नौदलाच्या जागेत. मोपाचा नवा, पेडणे तालुक्यात, ५ जानेवारी २०२३ पासून चालू. तिकिटावर दाबोळीला जीओआय लिहितात आणि मोपाला जीओएक्स. कागदावर एका अक्षराचा फरक, रस्त्यावर दीड-दोन तासांचा. सत्तरीत, म्हणजे घाटाच्या तालुक्यात, यायला मोपा सोयीचा, म्हणून मी जाड अक्षरांत लिहिलं, 'शक्यतो मोपाचं तिकीट काढावं.' चौथ्या दिवशी भावजींच्या मावसभावाचा फोन.

"तिकीट काढलं बरं का!"

"छान. कुठलं?"

"गोव्याचं."

"गोव्यात कुठलं?"

"विमानतळाचं."

पत्रक मिळालं का, असं विचारल्यावर म्हणाले, "मिळालं तर! फार सुंदर झालंय. हिने जपून ठेवलंय."

रेल्वेचंही तेच. घाटाकडे यायचं तर कोकण रेल्वेने थिवीला उतरावं. मुंबईकरांसाठी मी मुद्दाम लिहिलं की वंदे भारतसुद्धा थिवीला थांबते. पण महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोक्यात गोवा म्हणजे मडगाव, हे इतकं पक्कं आहे की थिवी आलं की तो उतरणाऱ्यांना वाट करून देतो आणि पुन्हा बसतो. आमचे सात जण असे बसून राहिले. मडगावला उतरून त्यांनी फोन केला, "आम्ही पोचलो, गाडी पाठव." जणू मी फलाटाबाहेर चहा पीत उभा होतो. बाहेरगावचे लोक फोनवरून टॅक्सी बोलावतात तशी ओला-उबर इथे चालत नाही, हे तिसऱ्या पानावर होतं. पायलट म्हणजे विमान चालवणारा नव्हे, भाड्याने मागे बसवून नेणारा मोटरसायकलवाला, हेही तिथेच होतं. त्यामुळे "स्टेशनवर पायलट विचारतोय कुठे सोडू, हे लग्नाकडून आहे का?" हा प्रश्न ऐकून मी कपाळावर हात मारला नाही, नुसता भिंतीला टेकलो.

पण खरी मेख नावांत होती. पोर्तुगिजांनी आमच्या गावांची नावं रोमन लिपीत लिहिली आणि शेवटच्या अनुस्वारासाठी 'एम' लावला. ते १९६१ साली गेले, 'एम' राहिला. पेडण्याचं पेर्नेम, डिचोलीचं बिचोलिम, आमच्या साखळीचं तर सँक्वेलिम. पुण्याच्या आत्या हा शब्द एखाद्या गोळीचं नाव असावं तशा उच्चारत. "सँक्वेलिम जेवणाआधी की नंतर?" असं त्या विचारतील की काय, ही भीती मला शेवटपर्यंत होती.

घाट जिथे सुरू होतो ते गाव केरी. रोमनमध्ये क्वेरिम. आता गोव्यात केऱ्या तीन आहेत. एक आमच्या सत्तरीतलं. दुसरं फोंडा तालुक्यातलं, विजयादुर्गेच्या देवळाचं. तिसरं पेडण्यातलं, समुद्रकाठचं. हे मला कोणी शिकवायला नको. नुसतं 'केरी, गोवा' एवढंच लिहून कोणीतरी पाठवलेली एक मनीऑर्डर तिन्ही केऱ्यांचे शिक्के अंगावर घेऊन आलेली मी या हातांनी हाताळली आहे. म्हणून पत्रकात मी अर्धं पान खर्च केलं. 'तालुका सत्तरी' याखाली दोन रेघा मारल्या. शिवाय पक्की खूण असावी म्हणून पुढे लिहिलं, 'अंजुणे धरणाजवळून पुढे.'

भाचीने ते पत्रक बंगळुरात कुणाकडून तरी नटवून घेतलं. कडेला पानाफुलांची वेलबुट्टी आली, मराठीचं इंग्रजी झालं, सहा पानांचं एक झालं, तालुका गळला, आणि अंजुणेचं रोमनमध्ये जे झालं ते हणजूणच्या, म्हणजे अंजुना बीचच्या, इतकं जवळ जाऊन बसलं की फोनवरच्या नकाशाला पहिली चार अक्षरं दाखवली की तो थेट हणजूणच्या किनाऱ्यावर नेऊन सोडतो. जाताजाता सांगतो, घाटावरच्या ज्या रिसॉर्टमध्ये लग्न होतं त्याच्या जवळचा गाव सुर्ला, आणि सुर्लाही गोव्यात दोन आहेत. दुसरा डिचोली तालुक्यात. पण ते मी घरात कोणालाच सांगितलं नाही. बायकोचं रक्तदाब मोजायचं यंत्र त्या आठवड्यात माझ्याच दंडावर असायचं.

राहण्याची व्यवस्था हे खातं तर कोणाच्या वैऱ्यावरही येऊ नये. रिसॉर्टच्या खोल्या चोवीस, पाहुणे नव्वद. धनुर्मास लागायच्या आत उरकायचं म्हणून मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. म्हणजे पणजीत इफ्फीचा चित्रपट महोत्सव नुकता आटोपलेला, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, आणि खोलीचे दर ऐकून माणसाने देवाचं नाव घ्यावं, मग तो देव कुठलाही असो. उरलेल्यांसाठी साखळीतली दोन लॉजं, केरीतली एक ओळखीची वाडी आणि आमचं घर.

चोवीस खोल्यांचं वाटप मी तीन रात्री जागून केलं. आमच्या गोव्यात खातेवाटप झालं की लगेच एक नाराज गट तयार होतो, तो इथे यादी फुटायच्या आधीच तयार झाला. काकांना दरीकडची खोली हवी, पण काकूंना दरी बघून चक्कर येते. आत्यांना पायऱ्या नकोत आणि रिसॉर्ट डोंगरउतारावर, म्हणजे तिथे पायऱ्यांशिवाय काही नाहीच. घोरणारे दोन चुलतभाऊ एकाच खोलीत ठेवावेत हा माझा हिशेब बिनतोड होता, पण ते दोघे २०१४ पासून एकमेकांशी बोलत नाहीत हे मला माहीत नव्हतं. ताई म्हणाली, "बोलत नाहीत ना, मग बरंच. घोरतील नुसते." नागपूरकडून एकाने विचारलं, अभयारण्य जवळ आहे म्हणतात, खोलीतून वाघ दिसेल का? त्यांच्याच घरातल्या दुसऱ्याने तासाभराने विचारलं, खोलीतून वाघ दिसणार तर नाही ना? दोघांना एकच खोली दिली.

ती 'डोंगरदर्शन' नावाची खोली. व्यवस्थापकाने फोटो पाठवले होते ते खरेच होते. खिडकीतून डोंगर दिसायचा, पण मध्ये जनरेटर होता आणि तो डोंगरापेक्षा जवळ होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी केरीच्या नाक्यावर खुर्ची टाकून बसलो. पुढे घाटात फोन लागतो न लागतो, आणि लागला तर कर्नाटकात आपलं स्वागत असल्याचा निरोप येतो. तीन राज्यांच्या सीमेवर लग्न करायचं म्हटल्यावर हे आलंच. चारच्या सुमारास भाचीच्या मित्रमंडळींचा फोन आला. दोन गाड्या, नऊ जण.

"मामा, केरीला पोचलो! पण मंडप दिसत नाही."

"मंडप वर घाटात. तुम्ही नेमके कुठे आहात?"

"पाण्यासमोर."

"मग धरणाजवळ आहात. बरोबर आलात."

तिकडे क्षणभर शांतता. मग एक मुलगी अगदी आदबीने म्हणाली, "मामा, धरणाला लाटा असतात का?"

मी विचारलं, पलीकडे काय दिसतंय. म्हणाली, नदीचं तोंड, आणि पलीकडच्या टेकडीवर किल्ला. तेरेखोल! गोव्याच्या उत्तरेच्या टोकाला जाऊन उभी होती पोरं, मी इकडे पूर्वेच्या टोकाला. मध्ये अख्खे पेडणे, बार्देश नि डिचोली. तरी हणजूणला गेलेल्या तिघांपेक्षा हे बरे, यांना निदान गावाचं नाव तरी बरोबर मिळालं होतं. हणजूणवाले तर रात्री साडेनवाला आले, आणि इतके आनंदात होते की लग्न तिकडेच झालं असावं असा मला संशय आला.

सगळ्यात आधी कोण पोचलं असेल? भावजींचे गडहिंग्लजचे जुने शिक्षक. वय शहात्तर, हातात बटणांचा फोन, पत्रक मिळालेलंच नाही कारण ते पाठवलं होतं फोनवर. गुरुजी एसटीने बेळगावला आले, तिथे चोर्लामार्गे पणजीला जाणाऱ्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, गाडीत चढले आणि कंडक्टरला म्हणाले, "बाबा, डोंगरात एक लग्न आहे, तिथे उतरव." कंडक्टरने ड्रायव्हरला विचारलं, ड्रायव्हरने समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याला, आणि गुरुजी सकाळी अकरा वाजता रिसॉर्टच्या फाटकाशी उतरले. मी पोचलो तेव्हा ते आचाऱ्याबरोबर खतखत्याची, म्हणजे आमच्या मिश्र भाजीची, भाजी निवडत बसले होते. मला म्हणाले, "या. वाट सापडली ना?"

त्यांचं नाव माझ्या यादीत नव्हतं. खोली नव्हती. ते म्हणाले, कुठेही पडतो. शेवटी सामानाच्या खोलीत गादी घातली. ही सामानाची खोली पुढे महत्त्वाची आहे.

पत्रकात चौथ्या पानावर मी लिहिलं होतं, 'डिसेंबरात घाटावर रात्री थंडी असते, स्वेटर आणावेत.' पण गोव्याला स्वेटर नेणारा माणूस अजून जन्माला यायचाय. नव्वदातले ऐंशी जण अर्ध्या चड्ड्या, फुलाफुलांचे सदरे आणि गवती टोप्या घालून आले. मेंदी-संगीताला आठ वाजता वारा सुटला. नऊला गाणी थांबली आणि सगळे शेकोटीभोवती गोळा झाले. दहाला नागपूरची मंडळी, जी थंडीला हसतात असं त्यांनीच सांगितलं होतं, टेबलांवरच्या चादरी ओढू लागली. रिसॉर्टच्या ब्लँकेटांचा हिशेब खोलीमागे दोन, आणि तो हिशेब व्यवस्थापक जिवापाड जपत होता.

तेवढ्यात आमच्या हिला दया आली. तिने सामानाच्या खोलीतली पेटी उघडली. मानपानाच्या शाली होत्या, एकवीस. "रात्रीपुरत्या देते, सकाळी घड्या घालून परत," असं म्हणून तिने म्हाताऱ्या माणसांना एकेक पांघरली. म्हाताऱ्यांची व्याख्या रात्री अकरापर्यंत चाळिशीवर येऊन ठेपली.

सकाळी साडेसातला मानपान. सहा वाजता मी चोवीस खोल्यांची दारं ठोठावत शाली गोळा करत फिरतोय. मी केलेलं वाटप मला पाठ होतं, तेवढा एक उपयोग झाला. पण माणसं रात्री आपापसांत खोल्या बदलून बसली होती. घोरणारे दोघे भाऊ एकाच शालीत निघाले. एका शालीवर मेंदीचा हात उमटला होता, एकीला शेकोटीचं भोक. सात वाजता वीस झाल्या. एकविसावी, जरीकाठाची, मुलाच्या वडिलांसाठी खास बेळगावहून आणलेली, कुठेच नाही. ताई रडकुंडीला आली. भावजी म्हणाले, रिसॉर्टचा टॉवेल नवा आहे का बघा.

मग मला सामानाची खोली आठवली. गुरुजी कुशीवर झोपले होते, कानापर्यंत जरीकाठ, चेहऱ्यावर असं समाधान की उठवायला हात होईना. मी हळूच एक टोक ओढलं. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "परीक्षा कधी आहे?" मी म्हटलं, "साडेसातला, गुरुजी." त्यांनी शाल सोडली.

सनई वाजत होती, सगळे थंडीने काकडत उभे होते. भावजींनी मुलाच्या वडिलांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्यांनी नमस्कारासाठी मान वाकवली आणि ती तशीच थोडी जास्त वेळ वाकलेली राहिली. अमृतांजनाचा घमघमाट माझ्यापर्यंत येत होता. मग त्यांनी शाल दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट ओढून घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मामासाहेब, गरम आहे हो."