नानांची पेटी आणि ‘सेव्ह’चं बटण

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून पोस्ट लांबणार. सांभाळून घ्या.

नानांना घेऊन चोपड्याला ऑनलाइनवाल्याकडे गेलो होतो. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज कुठवर आला ते बघायचं होतं. पोराने लॉगिनच्या चौकटीत नुसतं क्लिक केलं आणि खाली यादीच पडली. आमच्या गावातली अर्धी नावं, प्रत्येक नावाखाली ब्राउझरमध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डचे काळे ठिपके. तिसरं नाव नानांचं.

आता आमचे नाना कसे, तर बँकेचं पासबुक लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली करगोट्याला. आंघोळीलाही सोडत नाहीत. आणि इथे? कॉम्प्युटरला स्वतःचा पासवर्डसुद्धा नव्हता. सेटिंग्जमध्ये जाऊन डोळ्याच्या चित्रावर क्लिक केलं की सगळं उघडं.

मी पोरावर ओरडलोच. तो म्हणाला, ‘दादा, लोक पासवर्ड विसरतात. मग ओटीपी, मग मोबाइल घरी राहिलेला. सेव्ह असलं म्हणजे काम होतं.’ बरं, त्याचंही खरं आहे. बाहेर पंधरा माणसं उभी, लाइट कधी जाईल नेम नाही, आणि तो नसता तर नानांचा अर्ज मी पुण्यात बसून भरला असता का? नसता. पोरगा चोर नाही. पण उद्या त्या खुर्चीवर कोण बसेल, त्याची हमी कोण देणार?

ब्राउझरची गेस्ट विंडो, म्हणजे पाहुण्यासाठीची वेगळी खिडकी, उघडायला दोन सेकंद लागतात. बंद केली की त्या कॉम्प्युटरवर पासवर्ड, हिस्ट्री मागे उरत नाही, डाउनलोड केलेल्या फाइल तेवढ्या राहतात. हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मी दाखवलं. नानांचं नाव यादीतून काढलं, तिथेच पासवर्ड बदलला.

शिकलेल्यांनी हसू नये. ‘मी इनकॉग्निटो, म्हणजे खासगी विंडो, वापरतो’ म्हणणाऱ्यांनी तर नाहीच. त्याने फक्त तुमच्या मशीनवरची हिस्ट्री राहत नाही. नेट पुरवणाऱ्याला आणि वेबसाइटला तुम्ही दिसताच. याच इनकॉग्निटोवरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये त्यांनी साठवलेल्या नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. आणि ते वेबसाइटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र! साइटपर्यंतची वाट बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे भामटा बसला असला तरी कुलूप दिसायचंच. लोकांचा गैरसमज होतो म्हणून गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते काढूनच टाकलं. आपल्या ग्रुपवर अजून ‘कुलूप बघून पैसे भरा’ फिरतंय. कोण फॉरवर्ड करतं ते मला माहीत आहे.

नानांना मात्र यातलं काहीच पटेना. येताना एसटीत म्हणे, ‘आपलं काय शे त्यामा चोरण्याजोगं?’ मी म्हटलं, मग पेटीला कुलूप कशाला? ते काही बोलले नाहीत. नुसता करगोटा चाचपला. मला उगाच वाईट वाटलं. सत्तरीच्या माणसाला असं बोलायला नको होतं.

अडावद येईपर्यंत गप्प. मग एकदम विचारतात, ‘तुना लॅपटॉपमा ते बटन दाबेल शे का?’

घरी येऊन उघडला. पासवर्डचं ठीक आहे, माझ्या लॅपटॉपला लॉक आहे. पण नोटिफिकेशनची परवानगी एकवीस साइटना दिलेली! ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस’ म्हणून कोपऱ्यात जे उगवायचं ते त्यातूनच. मी वर्षभर अँटीव्हायरसला शिव्या घालत होतो. आणि पीडीएफ जोडायचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावलेली जोडणी, कधी टाकलं आठवत नाही, त्याला सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी. सगळ्या म्हणजे बँकेचीसुद्धा.

ते काढलंय. एकवीसपैकी सोळा उडवल्यात. नाना ओट्यावरून दोनदा विचारून गेले, ‘व्हयनं का?’