चट्टा कळतो, बधिरपणा कळत नाही

कुष्ठरोगावरचा एक लेख वाचला. या रोगाच्या कलंकाचं मूळ अज्ञानात आहे असं त्यात म्हटलंय. पटतं, पण अर्धंच. आमच्या मावशीला हा आजार झाला तेव्हा घरात शिकलेली माणसं कमी नव्हती. तिच्या मनगटाजवळ फिकट चट्टा होता, खाज नाही, दुखणं नाही. एकदा गरम पातेलं उचललं आणि बोटांवर टरारून फोड आले, तरी तिला पत्ता नाही! तेव्हा कुठे डॉक्टर गाठला.

तोवर दोन वर्षं ती पदराखाली हात लपवत होती. आजारापेक्षा "लोक काय म्हणतील" याचीच धास्ती जास्त. आणि हीच दोन वर्षं महागात पडतात, कारण त्या काळात मज्जातंतू खराब होतात. बोटं वाकतात ती त्यामुळे. एकदा गेलेली संवेदना औषधाने सहसा परत येत नाही.

अजून एक गोष्ट लेखात यायला हवी होती. कुष्ठरोगावर एकाच वेळी अनेक औषधं देतात, त्याला बहुविध औषधोपचार म्हणतात. त्यातल्या क्लोफाझिमिन या औषधाने त्वचा काळपट पडते. औषध थांबल्यावर हळूहळू रंग परततो, पण तोवर शेजारीपाजारी विचारतात. नेमकं याच भीतीने काही जण गोळ्या सोडतात. हे आधीच सांगायला हवं, रुग्णाला आणि घरच्यांनाही.

उपचार सुरू झाले की संसर्ग पसरत नाही. बहुतेकांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद मुळातच असते. तरी मावशीचं ताट वेगळं होतं, औषधाचे बारा महिने संपल्यावरसुद्धा. माझ्या आईने ते एक दिवस उचलून बाकीच्या ताटांत ठेवून दिलं.