बायोडाटा टाकून ठेव

इंजिनिअरिंगच्या पदवीचा शेवटचा निकाल लागला आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत एका झटक्यात बऱ्याच जणांना काम मिळालं. त्यात मी नव्हतो. माझी काळजी करणे, हेच ते काम. पगार नाही, सुट्टी नाही, दिवाळीचा बोनस नाही. तरी अजून एकानंही राजीनामा दिलेला नाही.

समोरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका मला सकाळी दूध आणायला जाताना गाठतात.

"काय मग, लागलास का कुठं?"

"बघतोय, काका."

"बायोडाटा टाकून ठेव माझ्याकडं. बघूया."

असा मी तो आईच्या भिशीतल्या काकूंकडं टाकलाय, इस्त्रीवाल्या दादांकडं टाकलाय, एका साखरपुड्यात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांकडं तर मठ्ठा यायच्या आत टाकलाय. माझा बायोडाटा नसलेला मोबाइल आता सांगली-मिरज-कुपवाडमध्ये शोधावा लागेल. उघडून मात्र एकानंच बघितला, भिशीतल्या काकूंच्या नातवानं. त्यानं फोटोला मिशा काढून तो परत पाठवला.

हा बायोडाटा जन्माला येतो कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. दुकानाचे मालक अण्णा. त्यांच्या कॉम्प्युटरवर 'मेक', 'सिव्हिल', 'ईटीसी' अशी शाखावार फोल्डरं आहेत आणि आत आधीच्या सगळ्या बॅचचे बायोडाटे सुखानं नांदतायत. आपण एक निवडायचा, नाव बदलायचं, फोटो बदलायचा आणि वडिलांचं नाव बदलायला विसरायचं नाही. आमच्यातला एक विसरला. महिनाभर तो दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा म्हणून कंपन्यांमध्ये फिरत होता.

"हॉबी काय टाकू?" अण्णा.

"वाचन."

"वाचन सगळेच टाकतात. वाचत कोणच नाही. ट्रेकिंग टाकू?"

दंडोबाच्या डोंगरावर शाळेच्या सहलीला गेलेलो. म्हटलं टाका.

"एमएस-सीआयटी?"

"अण्णा, मी मेकॅनिकल इंजिनिअर झालोय."

"असू दे की. कुठं भाकरी खायला मागतंय?" टाकलं. "लीडरशिप?"

"टाका."

इथं मात्र अण्णांचा माउस थांबला. "एवढी वर्षं टाइप करायलोय. सगळी पोरं लीडरच. मग हाताखाली कोण असतंय रं तुमच्या?"

अण्णांना कमी लेखू नये. नोकऱ्यांचा बाजार कसा चाललाय हे प्लेसमेंट सेलच्या आधी त्यांना कळतं. नुसत्या प्रिंटा मोजून ते सांगतात. "मेकची पोरं दर आठवड्याला यायल्यात, म्हणजे यंदा अवघड आहे. मागच्या खेपेला आयटीवाली एकदा प्रिंट काढून गेली ती परत आलीच नाहीत, पेढेसुद्धा दिले नाहीत."

घरी वेगळी मोजणी चालू होती. सांगलीत राहणाऱ्याला सांगायला नको, आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. पप्पांचं तसंच आहे. निकालाच्या दिवशी ते शांत वाहत होते. कॉलेजात शेवटची कंपनी येऊन गेली तेव्हा पाणी तिशीच्या वर सरकलं. मग कराडहून मावशीचा फोन आला की आमच्या बंड्याला सहा लाखांचं पॅकेज मिळालं. कोयनेतून विसर्ग वाढवल्यावर जे व्हायचं ते झालं. त्या रात्री पप्पा जेवताना एक शब्द बोलले नाहीत, फक्त आमटी दोनदा घेतली. आईनं मला खुणेनं सांगितलं, चाळीस.

आता कॉलेजात आलेल्या कंपन्यांचं म्हणाल, तर त्या सॉफ्टवेअरच्या. सगळ्या शाखा चालतील, दहावीपासून साठ टक्के हवेत, एकही विषय राहिलेला नको. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स घोटलेल्या पोरांना पहिल्या पेपरात विचारलं काय, तर एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा नऊ तासांत रिकामी करतो, दोन्ही चालू ठेवले तर टाकी कधी भरेल? उत्तर अठरा तास. पण आमच्या घरात हे गणित सुटूच शकत नाही. खालचा नळ वाहतोय म्हटल्यावर पाचव्या मिनिटाला आजी काठी घेऊन हजर होते. पाणी वाहतंय आणि घरातला माणूस कागदावर ते मोजत बसलाय, अशा घरात मुलगी कोण देणार, हा तिचा प्रश्न त्या पेपरात पर्यायांमध्येसुद्धा नव्हता.

मग पुणे. रात्रीच्या एसटीनं स्वारगेट, तिथल्या सुलभ शौचालयात दाढी, इस्त्रीचा शर्ट पिशवीतून काढून अंगावर आणि तसंच हिंजवडी. कंपनीच्या गेटवर बघतो तर तासगाव, विटा, लातूर, नांदेड, सगळा महाराष्ट्र पांढरा शर्ट घालून उभा. आत गेल्यावर एचआरच्या मॅडमनी बायोडाटा बघितला आणि हसून विचारलं, "सांगली... म्हणजे कोल्हापूरच ना ते?"

बाहेरच्यांना हा प्रश्न साधा वाटेल. मॅडम "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हणायच्या आतच मी सुरू झालो. सांगली हा स्वतंत्र जिल्हा आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचं पहिलं नाटक केलं ते सांगलीत. आमच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. सतार हवी असेल तर मिरजेला यावं लागतं. भडंगापर्यंत पोचलो तेव्हा मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "वी विल गेट बॅक टू यू," म्हणाल्या. अजून बॅक आलेल्या नाहीत.

घरी येऊन सांगितलं तर पप्पांची पातळी चक्क दोन फूट उतरली. "बरोबर केलंस. नोकऱ्या छप्पन्न मिळतील." हा माणूस दुकानात कोल्हापुरी चप्पलसुद्धा 'चामड्याची, अंगठ्याची' म्हणून मागतो. माझा बाणेदारपणा कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

मामा जिल्हा परिषदेत आहे. त्याच्या मते खासगी नोकरी ही नोकरीच नव्हे. "सरकारीत एक जागा बघ, बस्स." त्या एका जागेचा हिशोब असा : 2023 च्या तलाठी भरतीत जागा होत्या 4,644 आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. खुल्या वर्गाला अर्जाची फी 1000 रुपये. मी म्हटलं, "मामा, एका जागेमागं दोनशेच्या वर पोरं आहेत." मामा म्हणाला, "असू देत की. आपल्याला कुठं दोनशे जागा पाहिजेत? एकच पाहिजे." यावर काय बोलणार? माझा एक मित्र पोलीस भरतीसाठी रोज पहाटे 1600 मीटर पळतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "लगा, पळायला लागल्यापासून एक बरं झालंय. 'लागलास का कुठं' म्हणून कोण विचारायच्या आत मी पुढं गेलेला असतो."

दुसरा मित्र सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका कार्यालयात लागला. तेव्हा पदवीधराला सहा महिने, महिना 10 हजार मिळायचे. साहेबांच्या मोबाइलमधली अक्षरं मोठी करणं आणि त्यांच्या सूनबाईंचे फोटो सेव्ह करून देणं, असं दुहेरी प्रशिक्षण पूर्ण करून तो आता बाहेर पडलाय. प्रमाणपत्रही आहे. कंपन्या म्हणतात, हा अनुभव धरता येत नाही.

गणपती मंदिराच्या बाजूला संध्याकाळी बसणाऱ्या निवृत्त गुरुजींनी मात्र मला उभारी दिली. म्हणाले, "बाळ, रोजगाराची हमी द्यावी ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातली. वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती, त्यांची. तासगाव तालुक्यातलं विसापूर. 1965 साली प्रयोग झाला तो तिथं. पुढं 1977 साली राज्यानं कायदा केला. काम मागायचं आणि पंधरा दिवसांत मिळवायचं!"

मी ताडकन उठलो. "कुठं मागायचं, गुरुजी?"

"बस खाली. ते अकुशल कामाला. बांध घालणं, तळी खणणं."

मी आणखी खूश झालो. शेवटच्या मुलाखतीनंतर आम्हाला हेच सांगितलं होतं, की तुमच्या पोरांकडं कुठलंच स्किल नाही. अकुशल असल्याचं इतकं अधिकृत मत हातात असताना आणखी काय पाहिजे? पण गुरुजी म्हणाले, ही हमी ग्रामीण भागाला आहे आणि तू राहतोस विश्रामबागेत. म्हणजे कंपन्यांना आम्ही फार गावाकडचे आणि सरकारला फार शहरातले.

परवा चाकणच्या एका कंपनीतून फोन आला. गाड्यांचे सुटे भाग बनवतात, चक्क मेकॅनिकलचं काम. सोमवारी सकाळी दहाला या. मी फोन ठेवेपर्यंत बातमी गल्लीच्या टोकाला पोचली होती. बँकवाल्या काकांनी स्वतःच्या लग्नातला टाय आणून दिला. इस्त्रीवाल्या दादांनी शर्टाला दोनदा इस्त्री मारली. आईनं भडंगाचे दोन पुडे भरले, एक मला आणि एक 'तिथल्या साहेबांना'. अण्णांनी बायोडाट्याच्या पाच प्रती काढल्या आणि पाचांचेही पैसे घेतले. पप्पा काहीच बोलत नव्हते. रविवारी रात्री स्टँडवर सोडायला आले, पाण्याची बाटली घेऊन दिली, खिडकीची जागा धरून दिली. गाडी सुरू झाली तसे खिडकीपाशी आले, आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना ते बघून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, कोल्हापूरच ना ते असं कोण म्हणालं, तर या खेपेला हो म्हण."