मालाचे नाव : सर

माझ्या खिशात या घडीला एक काटापावती आहे. रस्त्यालगत खेडा खरेदी करणाऱ्या कापसाच्या व्यापाऱ्याकडची. तिच्यावर मालाचं नाव 'सर', ओलावा 'जास्त', प्रत 'फरदड' आणि पक्कं वजन 'एक क्विंटल' असं निळ्या बॉलपेननं लिहिलेलं आहे. ही गोष्ट सोमवारची. आज शुक्रवार आहे, आणि अजून ती पावती फाडता आलेली नाही, कारण सगळे कागद जपून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय.

मी वजन उतरवायची सुई सुरू केली आहे. शुगर आहे, बीपी आहे, आणि रात्रीचं घोरणं असं की शेजारच्यांचा कुत्रा मला उत्तर देतो. यवतमाळच्या डॉक्टरांनी घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे विचारून घेतलं आणि सेमाग्लुटाइड लिहून दिलं. आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली, आपल्याच हातानं. पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम. मग ०.५, मग १, मग १.७, मग २.४. पहिली मात्रा वजनासाठी नसतेच, पोटाला सवय लागावी म्हणून असते. दर सोमवारी वजन लिहून ठेवायचं, एवढंच काम माझ्याकडे.

आता घरचा काटा. बायकोनं त्या काचेच्या काट्यावर तुरीचं कट्टं ठेवलं, त्या दिवसापासून तो कुणीही उभं राहिलं तरी एकोणनव्वद सांगतो. मला ते मान्य होतं. लेकीला नव्हतं.

सुईबद्दल म्हणाल तर सुई काहीच नाही. केसाएवढी बारीक. पोटाची चिमूट धरायची, बटण दाबायचं, सावकाश सहापर्यंत मोजायचं, झालं. कटकट सुईच्या आजूबाजूला आहे. ते पेन उघडेपर्यंत दोन ते आठ अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. आमच्या फ्रिजमध्ये मागची बाजू बर्फाची आणि दारातली बाजू लाइन असेल तशी. शेवटी विरजण आणि मिरच्या यांच्या मधोमध त्याला जागा मिळाली. सगळे 'पेन, पेन' म्हणतात म्हणून आईनं एकदा त्यानं दुधाचा हिशेब लिहायचा प्रयत्न केला. "शाई नाई रे याच्यात," म्हणाली, "एवढ्या महागाचा पेन आनून काय केलं?"

पोटाचं तर विचारूच नका. दुसऱ्या सुईनंतर मारोतीच्या पारावर रोडग्यांची पंगत होती. वांग्याची भाजी, वरण, वरून तुपाची धार. एरवी तीन रोडगे हा माझा किमान आकडा. त्या दिवशी पाव रोडग्यात गळ्याशी आलं. पत्रावळीवरचा बाकीचा रोडगा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. ही भूक मेल्याची भावना फार विचित्र असते. खायची इच्छा नाही याचं दुःख करायची इच्छा मात्र शाबूत. मळमळ तीन दिवस, मग पोट साफ होईना, आणि ढेकर तर असे की सातवीच्या वर्गात एका पोट्ट्यानं "सर, कोनाच्या डब्यात सडका अंडा हाय" म्हणून बाकाबाकावर डबे तपासायला घेतले. मीही तपासले. काय करणार?

आणि एक गोष्ट सांगतो, हसण्यासारखी नाही. बायको सहज शेजारणीला म्हणाली, "ते औषध घेऊन राह्यले." शेजारीण हातातलं सूप टाकून धावत आमच्या अंगणात आली. आमच्या जिल्ह्यात 'औषध घेतलं' याचा अर्थ एकच होतो. मी ओट्यावर बसून ताक पीत होतो. मला जिवंत बघून ती मटकन खाली बसली, मग चिडली, मग मलाच बोलून गेली. तेव्हापासून आमच्या घरात 'सुई' म्हणायचं असं ठरलं.

तर सोमवारी, तिसऱ्या सुईच्या आधी, मी शाळेच्या वाटेवर त्या कापसाच्या काट्यावर थांबलो. इलेक्ट्रॉनिक काटा, लाल आकडे, दोनशे किलोपर्यंत चालतो. सकाळी आठला कोण असणार, असा माझा हिशेब. चार पिकअप, दोन बंड्या आणि पंधरा-वीस माणसं होती. वेचाईवाल्या बायाही मजुरी घ्यायला येऊन बसल्या होत्या.

काटेवाला अंगानं काडी. स्वतः पंचेचाळीस किलोच्या वर नसेल. कानावर बॉलपेन, गालात खर्रा, आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा भाव. मी त्याला आठ वर्षांमागे त्याच्या पोराच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी मदत केली होती, ती ओळख.

"या सर. कापूस कोठी हाय?"

"कापूस नाही. मलाच मोजायचंय."

त्यानं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "तुमाले?"

"हो. डॉक्टरनं सांगितलंय."

"मंग गाडीसकट चढवा. मागून गाडी वजा करू."

"अरे, स्कूटर कशाला? मी उतरून उभा राहतो."

मी चप्पल काढायला लागलो. त्यानं हात आडवा केला. "राहू द्या राहू द्या. चप्पल बारदान्यात धरतो."

मी काट्यावर चढलो. लाल आकडे वरखाली झाले, थांबले. वजन फक्त मला सांगितलं असतं तर मी त्याचा आजन्म ऋणी राहिलो असतो. पण वीस वर्षांची जीभ. तो हमालांना सांगतो तसा लांब सूर लावून ओरडला, "एऽऽक क्विंटल दोन किलो तीनशेऽऽ!" आणि बंडीवरच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी सरळ करून माझ्याकडे पाहिलं.

खरं तर मी खूश होतो. सुरुवात एकशे चारची. दोन सुयांमध्ये एक किलो सातशे उतरलेलं. मी खाली उतरणार तोच त्यानं माझं मनगट धरलं, आणि कापसाच्या ढिगात हात घालून मूठ दाबून बघतात तसा माझा दंड दोनदा दाबला.

"ओलावा हाय."

"काय?"

"पानी पेऊन आले असान सकाळी."

पाणी पिऊन आलो होतो. भरपूर पाणी प्या असं डॉक्टरांनीच बजावलंय.

"दोन किलो तीनशे कट्टी," म्हणजे वजनातली कपात, त्यानं लिहिताना जाहीर केली. "एक क्विंटल पक्के."

"अरे बाबा, जे आहे ते लिही. डॉक्टरला दाखवायचंय."

"सर, तुमी शिकेल मानूस. आज तुमची कट्टी सोडली, तं उद्या लाइनीतला हरेक जन म्हनन, सरायची सोडली आमची बी सोडा. मी काय सांगू त्यायले?"

लाइनीतले हसले. मलाही हसावं लागलं, पण आतून जळत होतं, आणि ते माझ्या वजनावरून नव्हतं. आमची चार एकर कपाशी धाकटा भाऊ करतो. गेल्या महिन्यात याच काट्यावर, याच बॉलपेननं, क्विंटलमागं दोन किलो कट्टी कापली गेली. कापूस कोरडा खडखडीत होता. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये. पण सरकारी खरेदीत आठ टक्क्यांवर ओलावा गेला की भाव उतरतो आणि बारावर गेला की गाडी परत. नोंदणी वेगळी, रांग वेगळी, पिकअपचं भाडं वेगळं. म्हणून माणूस इथं येतो आणि सात हजारांच्या आत देऊन जातो. तेव्हा भाऊ गप्प राहिला. मीही गप्प राहिलो, मोबाइलमध्ये बघत. आता माझ्याच दंडाचा ओलावा निघाल्यावर मला न्याय आठवला.

"अन् प्रत?" काटेवाल्यानं मला वरून खाली न्याहाळलं. "फरदड लिहू ना?"

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. हंगाम संपल्यावर कपाशी उपटायची सोडून तिला पाणी देतात, मग तिला पुन्हा थोडी बोंडं धरतात, ती फरदड. धागा आखूड, भाव कमी, वर बोंडअळीला राहायला घर. मी बावन्न वर्षांचा आहे. मी काही बोललो नाही.

"पन कायची सुई होय सर थे?" आता बंडीवरचा म्हातारा खाली उतरून आला होता. लोक जमले. आणि मी, ज्याला शिकवण्याचं व्यसन आहे, तिथंच तास सुरू केला. जेवण झालं की आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, जीएलपी-१. ते मेंदूला सांगतं की पुरे. पण ते काही मिनिटांत विरून जातं. या सुईतली त्याची नक्कल आठवडाभर टिकते. पोट सावकाश रिकामं होतं, भूक कमी लागते.

"पंपाले किती घ्या लागते?" एकानं विचारलं.

"फवारणीच्या पंपाला नाही. पाव मिलिग्रॅम, आठवड्याला."

"म्हंजे सॅम्पल चालू हाय," काटेवाला म्हणाला. "अन् मोठा डोस झाल्यावर?"

डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी सांगितलं. मोठ्या प्रयोगात अडुसष्ट आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी पंधरा टक्के उतरलं.

त्याचं बॉलपेन थांबलं. "क्विंटलमागं पंधरा किलो?" त्याच्या आवाजात आदर होता. "एवढी कट्टी तं आमी बी नाई कापत बाप्पा!"

इथं थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, या जातीच्या औषधांची सुरुवात कशी झाली ठाऊक आहे का? अमेरिकेत गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा असतो. त्याच्या विषात सापडलेल्या एका पदार्थावरून या प्रकारचं पहिलं औषध बनलं, ते २००५ मध्ये बाजारात आलं. माझ्या सुईत सरड्याचं काही नाही, हेही मी लगेच सांगितलं. पण उशीर झाला होता.

"घोरपड!" म्हातारा म्हणाला.

"घोरपड नाही काका, सरडा. अमेरिकेतला."

"घोरपडीचं तेल होय ना थे. आठवडी बाजारात मानूस पन्नास रुपयात शिशी देत होता. तुमाले केवढ्याले पडलं?"

मी किंमत सांगितली. महिन्याच्या पेनला दहा हजारांच्या वर. शांतता पसरली. काटेवाल्यानं पावतीच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. तो दररोज शेकडो क्विंटलचे हिशेब करणारा माणूस, त्याला वेळ लागला नाही.

"दीड क्विंटल कापूस विकला," तो म्हणाला, "अन् दीड किलो सर कमी झाले."

मी सांगत होतो की मार्च २०२६ मध्ये पेटंट संपतंय, मग आपल्याकडच्या कंपन्या हेच औषध काढतील, स्वस्त होईल असं मेडिकलवाला म्हणतो. कुणी ऐकत नव्हतं. कुणीतरी "कमी खाचं अन् वावरात चालत जाचं" हा सल्ला दिला. हा सल्ला मला आजवर सगळ्यांनी दिलाय, माझ्याहून जाड असलेल्यांनीसुद्धा. मी तो पाळलाही आहे, दोनदा. दोन्ही वेळा उतरलेलं वजन सव्याज परत आलं, तेव्हा मात्र सल्ला देणारे नव्हते.

"अन् सुई बंद केली मंग?" काटेवाल्यानं विचारलं.

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता, आणि उत्तर ऐकून तिथल्या खुर्चीत जरा वेळ बसून राहिलो होतो. औषध सोडलेल्यांचं वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं.

"परत येते बरंचसं."

त्यानं पावतीवर बोट ठेवलं. "म्हून तं फरदड लिहिलं."

वेचाईवाल्या बायांमधली एक जण इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. किलोला दहा रुपयांनी दिवसाला पन्नास-साठ किलो वेचणारी बाई. डोक्याचं फडकं नीट करत तिनं विचारलं, "भूक न लागाची सुई हाय का सर थे?"

"हो."

"आमाले आखाडात पायजे होती," ती म्हणाली, आणि बाजूच्या बाईला कोपर मारून हसली. दोघी हसल्या. मी पावती खिशात घातली, चप्पल मुळात काढलीच नव्हती, आणि स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकेला सुरू झाली. तोवर सगळे बघत होते.

संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सर एक क्विंटल पक्के' आलं, खाली सत्तावीस अंगठे. त्यातला एक आमच्या मुख्याध्यापकांचा. बायकोनं पावती वाचली आणि म्हणाली, "कट्टी कापून का होईना, शंभरावर तं आले." डॉक्टरांना फोटो पाठवला, तर त्यांनी विचारलं की नेमकं वजन कोणतं धरायचं, आणि 'फरदड' हा कुठला आजार?

आज दुपारी काटेवाल्याचा मेसेज आला : सर सोमवारी लवकर या. लाइन नाई राहत सातले. अन् अगोदर तासभर उनात बसून या, ओलावा कमी भरन.

मी त्याला लिहिलं की सोमवारी सातला ऊन कुठलं? अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.