'तत्त्वासाठी टॅक्स नाही' वाल्या मेसेजबद्दल

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून फिरतंय की घटनेच्या कलम २६५ नुसार इन्कम टॅक्स ऐच्छिक आहे, 'तत्त्वतः नकार' असं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं की विषय संपला. तसं नाहीये. कलम २६५ एवढंच म्हणतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येणार नाही, आणि तो कायदा आहे ना, आधी १९६१ चा, आता २०२५ चा! मेसेजवाल्याने अर्धंच वाक्य वाचलं.

पत्र पाठवलंत तरी डिमांड नोटीस, म्हणजे बाकी कर भरा अशी नोटीस, येते, त्यात दिलेली मुदत, साधारण ३० दिवस, टळली की महिन्याला १ टक्का व्याज, मग थेट बँकेतून वसुली, आणि मुद्दाम टाळलं असं ठरलं तर तुरुंगसुद्धा. पगारदारांचा तर टीडीएस, म्हणजे पगारातूनच घेतलेला कर, आधीच कापलेला असतो, ते नकार कशाला देणार?

आमचे काका म्हणाले, पिंपळगावचा द्राक्षवाला कुठं भरतो? अहो काका, शेतीचं उत्पन्न कायद्यानेच करमुक्त आहे, त्याने कुठलंही पत्र लिहिलेलं नाही.

पत्र पोस्टात टाकलं असेल तर रिटर्न तरी भरून टाका.